देवरामआप्पांचं ‘नही शे’

वकिली करायला मी नंदुरबारला आलो, तेव्हा अहिराणीतले पहिले दोन शब्द शिकलो ते म्हणजे ‘नही शे’. साक्षीदार कुठे आहे? नही शे. जमिनीचा उतारा आणलास का? नही शे. तुझा भाऊ घरी आहे? नही शे. आमच्या वाईकडच्या माणसाला हे दोन शब्द फार छळतात हो! वस्तू जगातच नाही, की फक्त इथे नाही, की आहे पण तुला द्यायची नाही, हे सगळं खानदेशी माणूस या दोन शब्दांत उरकतो, आणि ऐकणाऱ्यानं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. पहिल्याच वर्षी मी एका जिवंत साक्षीदाराला मयत म्हणून कोर्टाला लिहून दिलं. पुढच्या तारखेला तो गडी स्वतः गाडी हाकत हजर झाला! मॅजिस्ट्रेटसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले, की मलाच मयत व्हावंसं वाटलं.

तर याच दोन शब्दांपायी एक माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत गेला, आणि मी त्याचा वकील होतो. त्याचं नाव देवराम. बापाचं नाव ईश्वर. आणि उभ्या गावात मोठ्यानं ‘देव नही शे’ म्हणणारा तो एकटा! मी बनवून सांगत नाही. कोर्टात नाव विचारलं तेव्हा कारकुनाला लेखणी खाली ठेवून हसावं लागलं होतं.

गाव तापीच्या अलीकडच्या काठावरचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी भांडायला येतील. देवरामआप्पा तिथले चांगले खातेदार शेतकरी. कपाशी, ज्वारी, नदीकाठाला मिरची. उंच, काटक, कानांवर केसांचे झुबके, आणि आवाज असा, की पलीकडच्या तीरावरचा नावाडी या तीरावरून एका हाकेत उठावा. शेताच्या बांधाच्या एका दाव्यात त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तर आप्पा घरी नव्हते. खंडेरावाच्या देवळाच्या पायरीवर भिंतीला पाठ टेकून बसले होते. त्यांची ख्याती मी ऐकून होतो, म्हणून जरा खोचकपणे म्हणालो, “आप्पा, तुम्ही आणि देवळात?”

“देव नही शे, वकीलसाहेब,” आप्पा सरकून जागा करत म्हणाले. “पन पायरी थंडी शे. बठा.”

मी बसलो. खरंच थंड होती.

त्या पायरीवर आप्पा रोज संध्याकाळी बसत. शेजारी बसत काशिनाथ गुरव, त्या देवळाचे पुजारी. दोघं बरोबरीचे, एकाच गल्लीत वाढलेले. काशिनाथबाबा बुटके, मऊ, बोलताना धोतराचा सोगा चाळवत राहणारे. रोजचा त्यांचा वाद ठरलेला. काशिनाथबाबा म्हणायचे, देव शे. आप्पा म्हणायचे, नही शे. मग दोघंही तंबाखू मळायचे. आरतीची वेळ झाली की काशिनाथबाबा उठून आत जायचे आणि आरती संपेपर्यंत आप्पा एक शब्द बोलत नसत. त्या वेळात कोणी त्यांच्याशी बोलायला गेलं तर दटावायचे. मी एकदा विचारलं, तुम्हाला कशाला हवी शांतता? तर म्हणाले, “तेन्हं काम चालू शे ना.”

त्यांना पकडायचा मी फार प्रयत्न केला. वकिलाची खोड! कोणी ‘राम राम आप्पा’ म्हटलं की आप्पा ‘राम राम’ म्हणत. मी म्हटलं, सापडलात! आप्पा शांतपणे म्हणाले, “तो माले राम राम करस, रामले नही. मी बी त्यालेच करस.” नावाचं विचारलं, तर म्हणाले, “मायबापनी हौस व्हती ती. मी कसाले मोडू?” घरी सुंदरबाई, त्यांच्या पत्नी, सोवळ्याओवळ्याच्या, उपासतापासाच्या. आप्पा पहाटे शेतावर जात आणि येताना धोतराच्या ओच्यात फुलं आणत, त्यांच्या देवपूजेसाठी. एकही दिवस चुकला नाही. सुंदरबाई आजारी पडल्या की नैवेद्याचं ताट स्वतः देवळात पोचवत आणि काशिनाथबाबांच्या हातात देताना न विसरता सांगत, “हाई तिनं धाडेल शे. मन्हं काही नही.”

एकदा बाहेरगावचे काही सुधारक तरुण गावात आले. आप्पांचं नाव ऐकून त्यांना मोठाच आधार वाटला. देवळापुढची दीपमाळ पाडून टाकू, तुम्ही फक्त पुढे व्हा, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली. “जे नहीच शे, ते फोडाले कसाले निंघनात? आनी ज्यासना शे, त्यासले इचारं का?” पोरं पार वेशीपर्यंत पळाली. काशिनाथबाबांना हे कळलं तेव्हा ते गहिवरले, आणि आप्पा उलट त्यांच्यावरच खेकसले, की उगाच डोळे पुसू नको, मन्हं मत बदलेल नही शे!

असा हा माणूस. आता यात्रेच्या दिवसाचं सांगतो.

चंपाषष्ठीला त्या खंडेरावाची यात्रा भरते. देवाचा पितळी मुखवटा सकाळी पालखीतून तापीवर स्नानाला नेतात, परत आणून गाभाऱ्यात बसवतात, आणि मग दर्शन. देवळाचं दार बुटकं, अरुंद, दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नाहीत असं. त्या वर्षी सुगी बरी झालेली, सातपुड्याच्या पायथ्यापासून माणूस लोटलेला. दुपारी मुखवटा आत बसला आणि बाहेर कोणीतरी आवई उठवली, की दर्शन लवकर बंद होणार आहे. झालं! मागची माणसं पुढे रेटू लागली, पुढच्यांना आत जाता येईना, मागे फिरता येईना. दाराशी बायका चेंगरू लागल्या. एक लेकरू खाली पडलं, ते दिसेना. गुरव आतून ओरडतायत, पाटील बाहेरून ओरडतायत, ऐकतो कोण!

आप्पा पायरीवरच होते. ते सरसर दीपमाळेवर चढले आणि त्यांनी तो नावाड्याला द्यायचा आवाज लावला: “देव नही शे! भाऊसहो, देव नही शे!”

आणि गर्दी थांबली! म्हणजे बघा, या माणसानं गेली कित्येक वर्षं हेच वाक्य सांगितलं, कोणी कधी कान दिला नव्हता. पण यात्रेला आलेली परगावची माणसं काय समजली? देव गाभाऱ्यात नाही. मागून एकानं हाकाटी केली, “देव तापीवर गया! देव तापीवर शे!” आणि सगळा लोंढा वळला तो येळकोट करत नदीकडे धावला. दार मोकळं झालं. लेकरू सापडलं, गुडघे फुटलेलं पण जिवंत. मी त्या दिवशी तिथे होतो.

नदीवर देव काही भेटला नाही. लोक तासाभरानं कुरकुरत परत आले, मुखवटा दुसऱ्या वाटेनं देवळात पोचला असेल असं ज्यानं त्यानं समजून घेतलं, दर्शनं झाली, रेवड्या-गुळाची दुकानं चालली. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मिटलं नाही ते आप्पांमुळेच. यात्रा कमिटीचे मुख्य होते पंडित पाटील, चाळिशीचे, तापट पण सरळ गृहस्थ. त्यांची म्हातारी आई त्या लोंढ्याबरोबर नदीवर गेली आणि तिथेच वाळूत बसून राहिली. डोळ्यांनी अधू. सगळे परतले तरी तिचं आपलं एकच, “देव आजून उना नही का रे?” उन्हात, उपाशी. आप्पांना हे समजलं तसे ते गाडी जुंपून गेले आणि तिला गाडीत बसवून घेऊन आले. वाटेत म्हातारी म्हणाली, देव येणार होता ना, देवराम? कोणीही म्हटलं असतं, हो माय, चुकामूक झाली. पण आप्पा म्हणाले, “नही माय. मी म्हनं ते येगळं, तू ऐकं ते येगळं. देव मझार बी नही, नदीवर बी नही. नहीच शे.”

म्हातारी घरी जाऊन रडली. दोन दिवस जेवली नाही. पंडित पाटलांनी फिर्याद केली. पिनल कोडातलं धर्मभावना दुखावण्याचं कलम. शिक्षा वर्षापर्यंत कैद. आणि मला फिर्यादीचा राग येईना, कारण त्या माणसाची आई खरंच रडली होती.

गावात पारावर एकच विषय. देव नाही म्हणणं हा गुन्हा असावा की नसावा? बहुतेकांचं म्हणणं, मनात काय वाटेल ते म्हणावं, घरात म्हणावं, चारचौघांत म्हणायची बंदी हवी. मीही तेव्हा थोडाफार त्याच मताचा होतो, खोटं कशाला सांगू. मी रोज संध्या करणारा माणूस. पण पक्षकार तो पक्षकार. मी आप्पांना बोलावून घेतलं आणि मोठ्या ऐटीत त्यांची सुटका त्यांच्यापुढे ठेवली.

“आप्पा, हे बघा. तुमच्या भाषेनंच तुम्हाला वाचवलंय. ‘नही शे’चे दोन अर्थ. तुम्ही म्हणालात, देव गाभाऱ्यात नाही, तापीवर गेलाय. लोकही तेच समजले. मुखवटा सकाळी नदीवर गेला होता, हे तर सगळं गाव सांगेल. परत कधी आला, कोण घड्याळ लावून बसलंय? एवढं म्हणा. सुटलात.”

आप्पांनी मान हलवली. “पन वकीलसाहेब, मुखवटा तव्हय मझार व्हता.”

“अहो, आत होता की बाहेर, ते कोण विचारतंय?”

“मी इचारस ना.”

मी कपाळाला हात लावला. आप्पा समजुतीच्या स्वरात म्हणाले, “देव नही म्हनस म्हनून लोके माले पापी म्हनतस. म्हनू द्या. पन देवराम खोटा शे असं आजपावत कोनी म्हनेल नही.”

“बरं, मग गप्प तरी बसा!” मी ओरडलो. “आरोपीला बोलायची सक्ती नसते. बाकीचं मी बघतो.” गप्प बसायला ते तयार झाले. निदान मला तसं वाटलं.

खटल्याच्या आदल्या दिवशी काशिनाथबाबा माझ्या ओट्यावर आले. सरकार पक्षानं त्यांनाच मुख्य साक्षीदार केलं होतं. देवळाच्या पुजाऱ्याच्या भावना दुखावल्या नाहीत तर कोणाच्या? धोतराचा सोगा चाळवत बसले. मग हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, मुखवटा नदीवर व्हता अशे मी सांगं, ते देवराम सुटी का?”

मी आढ्याकडे बघितलं. खोटं बोला असं मी म्हणालो नाही. बोलू नका असंही म्हणालो नाही. वकील आहे मी. मी म्हटलं, “सुटेल.”

काशिनाथबाबांनी मान डोलावली आणि उठले. पायऱ्या उतरताना त्यांनी कान पकडून पुटपुटत खंडेरावाची माफी मागितली, ती मी ऐकली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात हे गाव लोटलेलं. मॅजिस्ट्रेट दक्षिणेकडचे, मराठी जाणणारे, अहिराणी न जाणणारे, म्हणून शेजारी दुभाष्या. सरकारी वकिलांनी भाषण छान केलं. आरोपीनं घरात काय वाटेल ते मानावं, पण भर यात्रेत, उंचावर चढून, हजारो भाविकांसमोर देव नाकारणं हे समाजाच्या मुळावर येणारं आहे, वगैरे. मग काशिनाथबाबा पिंजऱ्यात उभे राहिले. ‘ईश्वरसाक्ष खरं सांगेन’ म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. आरोपी हेच शब्द ओरडला का? हो, ओरडला. आता मी उलटतपासाला उठलो.

“काशिनाथबाबा, आरोपीनं हे शब्द उच्चारले, त्या वेळी मुखवटा कुठे होता?”

बाबांनी डोळे मिटले. “त्या वखतले मुखवटा...”

“काशिनाथ!”

कोर्टाची तावदानं हलली. आप्पा उभे होते. “काशिनाथ, शपथ लिधी शे तू. तुन्हा देवनी शपथ शे ती. मन्हा करता मोडू नको.”

शिपाई धावला. मॅजिस्ट्रेट गरजले, की आरोपीनं मध्ये बोलू नये. आप्पांनी हात जोडले. “साहेब, मी देव मानस नही, तो मानस. मन्हं जाई ते वरीसभरनं जाई. तेन्हं जाई ते कायमनं जाई.” मग सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगून टाकलं, की मुखवटा आतच होता, आणि आपण ‘देव नही शे’ म्हटलं ते देव नाही याच अर्थानं म्हटलं.

मी मटकन खुर्चीत बसलो. माझा खटला संपला होता. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला खटल्याचं काही वाटलं नाही. कायद्यानं आरोपीला शपथ देत नाहीत. शपथ घेतली होती ती देव मानणाऱ्यानं, आणि ती सांभाळली न मानणाऱ्यानं! मी इतकी वर्षं ईश्वराच्या नावानं खोटं बोलणारी माणसं बघत आलो, स्वतः पढवून पिंजऱ्यात उभी केली.

काशिनाथबाबा रडत होते. “मुखवटा मझार व्हता, साहेब,” ते म्हणाले.

मॅजिस्ट्रेटनी आप्पांना विचारलं, जे घरात म्हणता येतं ते चौकात म्हणायचा हट्ट कशाला? आप्पा म्हणाले, “घरमा म्हनस ते बायको रागे भरस. चौकमा म्हनं ते सरकार रागे भरनं. देव कव्हय रागे भरना, ते सांगा ना साहेब.” दुभाष्यानं अर्थ सांगितला. कोर्ट हसलं, साहेब हसले नाहीत. ते काशिनाथबाबांकडे वळले. “तुमच्या भावना दुखावल्या का?”

“दुखस ना साहेब,” बाबा डोळे पुसत म्हणाले. “रोज दुखस. गंज वरीस व्हयनात.”

“इतकी वर्षं दुखतात, मग याला शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटतं?”

बाबांनी जे उत्तर दिलं ते मी आपल्या भाषेत देतो. ते म्हणाले, साहेब, देवळात येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला येतो. मागून झालं की देवाला विसरतो. न चुकता रोज देवाविषयी बोलणारा गावात हा एकच आहे. नाही म्हणून का होईना, रोज त्याचं नाव घेतो. याला आत टाकलंत तर पायरीवर माझ्याजवळ कोण बसेल?

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, साक्षीदार भावना दुखावल्याचं स्वतः सांगतो, आरोपी शब्दांचा अर्थ स्वतः सांगतो, मी करू काय? आणि दोषी ठरवून शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेस्तोवर कोर्टातच बसून राहायचं. अपिलात मी हा निकाल उडवला असता. भावना दुखवायचा हेतू कुठे सिद्ध झाला होता? आप्पांनी अपील करू दिलं नाही. म्हणाले, म्हातारी तर रडली होती ना.

ते बाकावर बसले. शेजारी काशिनाथबाबा जाऊन बसले. दिवस कलला तसा आप्पांचा जीव वर-खाली व्हायला लागला. “आरती व्हई ना! तुन्हा देव अंधारामा शे, जाय ना रे!” ते बाबांना ढोसत होते. बाबा ढिम्म हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आरती चुकवली, आणि तेवढ्यावरून आप्पा त्यांच्याशी परतीच्या वाटेवर गाडीत भांडत गेले, असं पंडित पाटलांनीच मला नंतर सांगितलं. गाडी पंडित पाटलांची होती.

पुढे माझं त्या बाजूला जाणं कमी झालं. काही वर्षांनी एका दाव्याची जागा पाहायला गेलो आणि संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून देवळाकडे वळलो. आप्पा पायरीवर होते. कानांवरचे झुबके पांढरेशुभ्र झालेले, पाठ तशीच भिंतीला. मला बघून सरकले. सरकले ते उजवीकडे. डावीकडची जागा तशीच ठेवली.

मी बसत म्हणालो, “काशिनाथबाबा कुठे आहेत?”

आप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, तो आवाज येणार. ओठ हलले, आणि काही न बोलता मिटले. मग नदीकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “तापीवर गया.”

“बरं, थांबतो मी,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघं बसून राहिलो. त्या वाटेनं एक-दोन बायका घागरी घेऊन आल्या. गुरं आली. काशिनाथबाबा येईनात. मग तिशीतला एक माणूस हातात आरतीचं ताट घेऊन आला, आप्पांना वाकून नमस्कार केला आणि गाभाऱ्यात शिरला.

“हा कोण?” मी विचारलं.

“काशिनाथना पुतन्या.”

आत घंटा वाजू लागली. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला, की त्या गावाचं मसणही तापीवरच आहे. ‘तापीवर गेलाय’, माझेच शब्द होते ते. मी स्वतः या माणसाला देवासाठी दिले होते आणि त्यानं तुरुंग पत्करला, पण घेतले नव्हते. देवाला भर यात्रेत, भर कोर्टात ‘नही शे’ म्हणणाऱ्या आप्पांना काशिनाथला ‘नही शे’ म्हणता आलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे वळून काही बोलणार होतो. आप्पांनी बोट ओठांवर ठेवलं. आरती चालू होती.